बाळ-बाळंतीण सुखरूप

फॅमिली ग्रुपवरचा हा मेसेज तुम्हीही कधीतरी वाचला असेल. 'मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.' खाली गुलाबी फुगे, जोडलेले हात आणि तासाभरात पन्नास अभिनंदनं. मी बॅकएंडचं काम करते. सर्व्हर जिवंत आहेत का, हे सांगणारे असेच दोन शब्दी मेसेज मला दिवसभर येत असतात. त्यातून सर्व्हर उत्तर देतोय एवढंच कळतं. रात्री आत काय काय झालं, काय पडता पडता वाचलं, हे बघायला लॉग उघडावे लागतात. बाळंतपणाचे असे लॉग आपल्या गोष्टींत कुठे सापडतात, हे मी गेले काही महिने शोधतेय. हौस म्हणून शोधत नाहीये. मी २८ वर्षांची आहे, लग्नाला दोन वर्षं झालीत, 'गुड न्यूज कधी?' विचारणारे वाढत चाललेत आणि मला बाळंतपणाची भीती वाटते. नंतरच्या जागरणाची नाही, करिअरचीही नाही. कळांची, टाक्यांची, त्या खोलीची.

हे मोठ्याने बोललं की ठरलेली उत्तरं येतात. सगळ्याच बायका करतात. एकदा बाळाचं तोंड बघितलंस की सगळं विसरशील. आपल्या बोलण्यातही ते विसरणं आधीच करून ठेवलेलं आहे. बाई 'मोकळी झाली' म्हणतो, 'सुटली' म्हणतो, 'सुखरूप सुटका झाली' म्हणतो. कशातून सुटली, ते वाक्यात येत नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असंही म्हणतो. पुनर्जन्माच्या आधी मरण असावं लागतं, पण तिथे थांबून कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

आमच्या पिढीने लेबर रूमची पहिली गोष्ट बघितली ती बहुतेक 'थ्री इडियट्स'मध्ये. राजकुमार हिरानींचा सिनेमा, डिसेंबर २००९चा. मी तेव्हा शाळेत होते. पुढे विश्रामबागेतच वालचंदला इंजिनिअरिंग केलं, आणि तिथे हा सिनेमा कुणी एकदाच बघितलाय असा प्राणी मला भेटला नाही. शेवटाकडचा प्रसंग आठवा. तुफान पाऊस, रस्ते तुंबलेले, प्रिन्सिपॉल वीरू सहस्रबुद्धेची (हो, खलनायक आपलाच) मोठी मुलगी मोना हिला कळा सुरू झालेल्या. दवाखान्यात पोचणं अशक्य. मग टेबल टेनिसचं टेबल, वेबकॅमवरून सूचना देणारी डॉक्टर बहीण पिया, वीज गेल्यावर रँचोचा इन्व्हर्टर, आणि बाळ अडकल्यावर व्हॅक्यूम क्लीनरपासून केलेलं यंत्र. बाळ हलत नाही. कुणीतरी 'ऑल इज वेल' म्हणतं, बाळ लाथ मारतं. सहस्रबुद्धे विरघळतो आणि इतकी वर्षं जपलेलं पेन रँचोला देऊन टाकतो.

मला हा प्रसंग तेव्हा आवडला होता, आजही त्याची गती आवडते. पण भीती घेऊन परत बघायला बसले तेव्हा मोनाला शोधत राहिले. ती आहे, घामाघूम आहे, ओरडते आहे. तरी प्रसंगात जे पणाला लागलंय ते सगळं इतरांचं आहे. रँचोची हुशारी सिद्ध होते, सहस्रबुद्धेचा गर्व उतरतो, पियाला शाबासकी मिळते, जन्मायच्या आधीच बाळाला स्वभाव मिळतो. मोनाच्या कळा प्रसंगाला घाई पुरवतात, घड्याळाच्या टिकटिकीसारख्या. तिला कुणी काही विचारत नाही. दुखणं कमी करायचा विषयच निघत नाही. बाळ वाचल्यावर कॅमेऱ्याचं तिच्याकडे कामही उरत नाही. वडील आणि जावई नसलेला तो पोरगा यांच्यातलं भांडण तिच्या शरीरावर मिटलं, आणि तिला काय वाटलं हे दोन तास पन्नास मिनिटांच्या सिनेमात मावलं नाही.

(तांत्रिक बाब, राहवत नाही म्हणून. घरातला व्हॅक्यूम क्लीनर हवा भरपूर ओढतो, पण त्याची पकड प्रसूतीतल्या व्हॅक्यूम कपाच्या मानाने बरीच कमी असते. तो कप सुटून हातात येण्याचीच शक्यता जास्त. खऱ्या जगातला रँचो म्हणजे अर्जेंटिनाचा होर्हे ओडोन, मोटार मेकॅनिक. बाटलीत पडलेलं बूच प्लास्टिकच्या पिशवीने बाहेर काढायचा व्हिडिओ बघून त्याला अडलेलं बाळ बाहेर काढायच्या साधनाची कल्पना सुचली. तीही गोष्ट सांगणारे 'मेकॅनिकने कमाल केली' तिथेच थांबतात.)

सिनेमाचं एवढं मनावर कशाला घ्यायचं, असं वाटेल. पण तिची जागा आता रील्सनी घेतलीय आणि तिथेही दोनच रांगा आहेत. एका रांगेत किंकाळ्या. दुसऱ्या रांगेत मंद बासरी, हसरी गर्भवती, श्वास, मंत्र आणि 'मनातली भीती काढा, वेदना आपोआप कमी होतील'. ही दुसरी रांग वाटते तेवढी आपली नाही. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३०-४०च्या दशकांत हेच मांडलं होतं: भीतीने शरीर ताठरतं, ताठरल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते. त्यात तथ्य आहे. पण विचार एवढ्यावरच थांबवला की दुखण्याची जबाबदारी गुपचूप बाईच्या डोक्यावर सरकते. दुखलं म्हणजे तू नीट श्वास घेतला नाहीस, तुझं मन कच्चं. खोलीत कोण होतं, काय बोललं, काय मागितल्यावर काय मिळालं, याचा हिशेब होतच नाही.

तो हिशेब मला सापडला तो १९८६च्या एका पुस्तकात. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताई वीरगावात वाढल्या आणि लग्नानंतर फलटणला, म्हणजे आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, आयुष्यभर राहिल्या. किराणाच्या छोट्या दुकानात बसून त्या लिहायच्या. घरच्यांपासून लपवून लिहायच्या. बरीच वर्षं ते कागद तसेच दडवलेले होते. मॅक्सीन बर्नसन फलटणला होत्या, त्यांच्यामुळे ते बाहेर आले, आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः आणि मग पुस्तक म्हणून. पुस्तक अभ्यासक्रमांत असतं, दलित आत्मकथनांच्या चर्चेत असतं, त्यामुळे आपल्याला त्याचं नाव माहीत असतं आणि वाचलंय असं वाटत राहतं. मलाही त्यात आंबेडकरी चळवळ आहे, महारवाड्याचं जगणं आहे एवढं ठाऊक होतं. त्यातली बाळंतपणाची पानं कुणी कधी मला सांगितली नव्हती.

ती पानं थोडीच आहेत. त्यांत अडलेली पोरसवदा बाई आहे, पहिलटकरीण, वयाने आजच्या नववी-दहावीतल्या मुलीएवढी. आणि तिच्याभोवती गर्दी आहे. सुईण आहे, वस्तीतल्या बाया आहेत, प्रत्येकीचा सल्ला वेगळा. कुठवर आलंय ते बघायला एकामागून एक हात आत जातात, नखांसकट. देवाला नवस बोलले जातात. बाळ होतं किंवा होत नाही. त्यानंतर खरी शिक्षा सुरू होते, कारण घरात दाणा नसतो. बाळंतीण उपाशी, पोट आवळून बांधलेलं, नखांच्या जखमा चिघळलेल्या, त्यावर कढत पाणी आणि शेक. मग ताप. बऱ्याच जणी त्या तापात जातात.

मी हे माझ्या शब्दांत सांगितलं, त्यामुळे ते सौम्य झालंय. बेबीताईंच्या गद्यात कणव आहे, पण ती थांबून डोळे पुसत बसत नाही. एकापाठोपाठ एक कारणं येतात: कळा, सुईणीचं अडाणीपण, बघायला आलेल्या बायांची नखं, भूक, पू, पाणी, शेक, ताप. एरवी मी याला नुसतं भेसूर वर्णन म्हटलं असतं. पण सर्व्हर पडल्यावर आम्ही असाच अहवाल लिहितो. काय पडलं, त्याच्या आधी काय झालं, त्याच्याही आधी काय. त्या यादीत निसर्गाने दिलेली गोष्ट एकच आहे, कळा. बाकी सगळं माणसांनी केलेलं आहे. भूक ही जातीने केलेली, अडाणीपण हे शिकू न दिल्याने आलेलं, आणि हात तर बाजूला बसलेल्या आपल्याच बायांचे. 'वेदना हे स्त्रीचं भागधेय' असला शब्द लिहायची बेबीताईंना गरजच पडत नाही. यादी वाचली की तो शब्द तुमच्याच तोंडून निघेनासा होतो.

मला सगळ्यांत धाडसी वाटली ती त्या हातांची नोंद. आपल्या वस्तीतल्या बाया, त्याही गरीब, त्याही मायाळू, मदतीलाच आलेल्या. त्यांच्या मदतीने जखमा झाल्या, हे लिहिणं सोपं नाही. बाहेरच्या शत्रूवर लिहिता येतं. 'पूर्वी घरी कसं मायेने बाळंतपण व्हायचं' असं म्हणणाऱ्यांना मी ही पानं वाचायला देईन. ज्या घरात तूप, अळीव, डिंक होता तिथे झालंही असेल मायेने. महारवाड्यातल्या बाईच्या वाट्याला त्या घरांच्या उरलंसुरलं एवढंच येत होतं.

एक गोष्ट मात्र खटकते, आणि पुस्तकाबद्दल आदर असूनही ती सांगायला हवी. या पानांत 'मी' नाही. 'आमच्या बाया' आहेत. बेबीताईंनी स्वतः बाळंतपणं काढली, पण त्यांचा स्वतःचा कळांचा आवाज गर्दीत मिसळलेला आहे. पुस्तकाचं नावच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही, आणि हे त्यांनी ठरवून केलं. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात, २००८च्या, एक मुलाखत आहे. तिथे नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या बोलतात, जे पुस्तकात त्यांनी येऊ दिलं नव्हतं. समाजाचं दुःख सांगायचं तर स्वतःचं मागे ठेवावं लागतं, ही त्यांची अट मला समजते. पण तिची किंमतही दिसते. मराठीतलं बाळंतपणाचं सर्वांत निर्भीड वर्णनसुद्धा अनेकवचनात आहे. सिनेमात बाई एकटी आहे पण तिला आवाज नाही, पुस्तकात आवाज आहे पण बाई एकटी नाही. मला माझ्या भीतीसाठी हवं असलेलं तिसरं काहीतरी, 'मला असं झालं, मी हे मागितलं, ते मिळालं नाही', अजून तुकड्यातुकड्यांनीच वाचायला मिळतं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायकांना बसून विचारलं आणि ऐकलेलं 'कानोसा'मध्ये लिहिलं, तिथे त्याच्या बऱ्याच जवळ जाता येतं.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. नखं गेली, हातमोजे आले, आणि त्याने जीव वाचले, यात वाद नाही. सांगली-मिरजेला तर दवाखान्यांचं कौतुक नवं नाही, मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. सूज आणि ताप कमी झाले. गर्दीचं काय झालं, ते मात्र बघावं लागेल.

माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, विश्रामबागेत आली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. रस्त्यावर 'वेदनारहित प्रसूती'चा बोर्ड होता, एवढं सांगते. ताईने आठव्या महिन्यातच एपिड्युरलबद्दल विचारून ठेवलं होतं. कमरेतून बारीक नळी, त्यातून थोडं थोडं औषध, कळा येतात पण दुखणं खूप उतरतं, बाई जागी असते. 'बघू त्या वेळी' असं उत्तर मिळालं. ती वेळ रात्री दीडला आली. रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, असं कळलं. कळा वाढवायचं सलाईन मात्र न विचारता लागलं. मी बाहेर बाकावर होते, आईलाही आत घेतलं नाही. आतून सिस्टरचा आवाज आला, 'पहिलटकरीण आहे, ओरडणारच.' आणखी एक वाक्य आलं, ते मी इथे लिहीत नाही. ज्या बायका त्या खोलीत जाऊन आल्यात त्यांना ते पाठ असेल. सकाळी ग्रुपवर मेसेज गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप. मीच टाईप केला. खरंही होतं ते.

कळा वाढवायचं औषध न मागता मिळतं आणि कमी करायचं मागूनही मिळत नाही, हा काही आमच्याच दवाखान्याचा शोध नाही. सिसिलिया व्हॅन हॉलन यांनी तमिळनाडूतल्या बाळंतपणांवर लिहिलेल्या २००३च्या पुस्तकात हेच चित्र आहे. त्याउलट १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणाला क्लोरोफॉर्म मागितला आणि तिला तो मिळाला. देणारा डॉक्टर जॉन स्नो, तोच, ज्याचा कॉलराचा नकाशा डेटा व्हिज्युअलायझेशनच्या प्रत्येक कोर्समध्ये पहिल्या आठवड्यात दाखवतात. बायकांनी दुखणं सोसणं ही ईश्वराची इच्छा आहे, असं तोवर बरेच जण म्हणत होते. राणीने घेतल्यावर आवाज बराच खाली आला. मागणारी कोण आहे यावर दुखण्याचं शास्त्र किती ठरतं बघा.

पण बाईला शेवटी समाधान कशाने वाटतं, हा प्रश्न दुखण्यापेक्षा वेगळा आहे. टोरांटोच्या एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये या विषयावरचे १३७ अहवाल एकत्र वाचले. चार गोष्टी वर आल्या: बाईची स्वतःची अपेक्षा, मिळालेला आधार, काळजी घेणाऱ्यांशी असलेलं नातं आणि निर्णयात तिचा सहभाग. या चार इतक्या भारी ठरल्या की वय, सामाजिक-आर्थिक स्थिती, आधीची तयारी, एवढंच काय दुखणं आणि दुखण्यावरचा उपायसुद्धा त्यांच्यामागे गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले. म्हणजे गोड बोला आणि एपिड्युरल विसरा? असा अर्थ लावणारे लोक मला लगेच डोळ्यासमोर दिसले. पण मग चौथी गोष्ट परत वाचली. दोन महिने आधी विचारलेलं औषध ऐन वेळी नाही म्हणणं आणि न विचारलेलं औषध लावणं, दोन्ही तिच्या हातातून निर्णय काढून घेणंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत दोन्ही शेजारी शेजारी आहेत: मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल, आणि तिच्या पसंतीचं माणूस सोबतीला. आपल्या सरकारी 'लक्ष्य' कार्यक्रमातही, २०१७ पासून, सोबतीच्या माणसाची सोय सांगितलेली आहे. आई त्या रात्री बाकावर माझ्या शेजारी जपमाळ घेऊन बसली होती, दारापासून दहा फुटांवर.

हे वाचून बेबीताईंच्या पानांकडे परत गेले, तर ती यादी वेगळी दिसली. आधार म्हणून आलेली गर्दी, नात्याच्या नावावर घुसणारे हात, आणि निर्णयात त्या पोरीचा शून्य वाटा. हॉडनेटच्या चार मुद्द्यांमधले तीन फलटणच्या एका दुकानदार बाईने कितीतरी आधी लिहून ठेवले होते, उलट्या बाजूने. पहिला मुद्दा, अपेक्षा, तेवढा तिथे नाही. त्या पोरीने काही अपेक्षा केली होती का, हे पुस्तक सांगत नाही.

ताईची मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. तिचं तोंड बघून ताई काहीही विसरलेली नाही. दुसरं मूल नको म्हणते. सासरी वाटतं खर्चामुळे, आईला वाटतं नोकरीमुळे. मी 'जिणं आमुचं' तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय आणि त्या पानांवर खूण घातलेली नाही. मी स्वतः मात्र पुढच्या महिन्यात एका डॉक्टरांची वेळ घेतलीय. दिवस गेलेले नसताना नुसते प्रश्न विचारायला येणारी पेशंट बहुधा मीच पहिली, कारण रिसेप्शनवरच्या मुलीने 'काय त्रास होतोय?' या रकान्यात काय लिहायचं म्हणून मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, लिहा, रात्री भूलतज्ज्ञ असतात का.